'मॅश'चा संपूर्ण डीव्हीडी संच: हशासह आणि हशाविना

'मॅश' या अमेरिकन मालिकेच्या संपूर्ण डीव्हीडी संचात ३६ डिस्क आहेत. अकरा पर्वांचे २५१ भाग, मालिकेच्या आधी आलेला रॉबर्ट ऑल्टमन यांचा १९७० सालचा चित्रपट आणि आठवणींचे काही कार्यक्रम असा हा ऐवज आहे. एवढा मोठा संच घ्यावा की नाही, या विचारात जो असेल त्याने आधी डिस्कच्या मेनूतील भाषेचे पान उघडावे, असे मी सुचवेन. तिथे इंग्रजी ध्वनीचे दोन पर्याय दिलेले आहेत: एक हशासह, दुसरा हशाविना. दुसरा पर्याय निवडला की इतका वेळ हसत बसलेले अदृश्य प्रेक्षक जणू उठून जातात आणि संवाद, पावलांचे आवाज, हेलिकॉप्टरची घरघर तेवढी मागे उरते. मी हा संच मुख्यतः याच सोयीसाठी घेतला. तो पहिल्या डिस्कपासून शेवटच्या डिस्कपर्यंत पाहून झाल्यावर मला खात्रीने म्हणावेसे वाटते की दूरचित्रवाणीवरील प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका, म्हणजे सिटकॉम, कशी बदलत गेली हे कानांनी समजून घेण्यासाठी याहून चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही.

हे का म्हणतो ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ठरलेली पात्रे, ठरलेले घर, दर आठवड्याला नवा पेच आणि अर्ध्या तासात त्याची सोडवणूक हा साचा मुळात रेडिओवर घडला. बीबीसीने १९४६ साली थेट प्रक्षेपित केलेली 'पिनराइट्स प्रोग्रेस' ही दूरचित्रवाणीवरील पहिली सिटकॉम मानली जाते. मात्र या प्रकाराची कार्यपद्धती पक्की केली ती १९५१ साली सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर सुरू झालेल्या 'आय लव्ह लूसी'ने. ल्युसिल बॉल आणि डेझी आर्नाझ या दांपत्याने ही मालिका फिल्मवर चित्रित करण्याचा आग्रह धरला. कार्ल फ्रॉइंड या मुरलेल्या छायाचित्रकाराने प्रेक्षकांसमोर एकाच वेळी तीन कॅमेरे चालतील अशी प्रकाशयोजना बसवली, आणि नाटकासारखा सलग प्रयोग करता करता चित्रपटाच्या दर्जाचे चित्र मिळू लागले. त्या मालिकेतला हशा खरा आहे. समोर बसलेली माणसे हसतात, नट ते हसू ओसरेपर्यंत थांबतात आणि मगच पुढचे वाक्य येते. हा थांबा लेखनातच धरलेला असतो. लूसीचा चेहरा पडतो, हशा पिकतो, तिचा चेहरा आणखी पडतो, हशा वाढतो. या देवघेवीतूनच तिथला विनोद उभा राहतो, आणि तो हशा काढून टाकला तर प्रयोगाचा अर्धा भागीदारच नाहीसा होईल.

पण सगळ्याच मालिका प्रेक्षकांसमोर घडत नव्हत्या. एकाच कॅमेऱ्याने, तुकड्यातुकड्यांत, चित्रपटाच्या पद्धतीने घेतलेल्या दृश्यांना प्रेक्षक आणणार कुठून? इथे चार्ली डग्लस या ध्वनितंत्रज्ञाचा संबंध येतो. त्याने एक पेटी तयार केली. तिच्यात मुद्रित हसण्याच्या फिती होत्या आणि टंकलेखन यंत्रासारख्या कळा होत्या. कोणती कळ दाबावी त्यावर कोणत्या जातीचे हसू येणार ते ठरे आणि पायाखालच्या पट्टीने त्याची लांबी राखता येई. दबलेली खुसखुस, एखाद्या बाईचे उशिरा फुटलेले हसू, साऱ्या सभागृहाचा गडगडाट, सारे काही या पेटीत होते. १९६० च्या दशकातील बहुतेक अमेरिकन विनोदी मालिकांवर हा मुद्रित हशा ऐकू येतो, आणि ऐकता ऐकता प्रेक्षकांच्या कानांना त्याची इतकी सवय झाली की हशा नसेल तर तो विनोद नव्हे, अशी वाहिन्यांची पक्की समजूत होऊन बसली.

'मॅश' या समजुतीच्या काळात, १७ सप्टेंबर १९७२ रोजी, सीबीएसवर सुरू झाली. कोरियन युद्धातील फिरत्या लष्करी रुग्णालयाची ही गोष्ट. लॅरी गेलबार्ट यांनी ती दूरचित्रवाणीसाठी घडवली आणि जीन रेनॉल्ड्स यांनी निर्मितीची धुरा वाहिली. चित्रीकरण एका कॅमेऱ्याने, स्टुडिओत आणि कॅलिफोर्नियातील मालिबूच्या डोंगरात होत असे. समोर प्रेक्षक नव्हते, त्यामुळे हसायलाही कोणी नव्हते. गेलबार्ट यांना हशा मुळीच नको होता आणि वाहिनीला तो हवाच होता. शेवटी तडजोड अशी झाली की मुद्रित हशा राहील, मात्र शस्त्रक्रियागृहातील दृश्यांत तो वाजणार नाही. माणसे मरणाच्या दारात पडली आहेत, डॉक्टर त्यांच्या पोटातून गोळ्या काढत आहेत आणि ताण हलका करायला विनोदही करत आहेत. तिथे बाहेरच्या कोणी हसू नये, एवढी मर्यादा मान्य झाली. ब्रिटनमध्ये बीबीसीने ही मालिका दाखवली ती हशा पूर्ण वगळूनच, त्यामुळे अटलांटिकच्या दोन काठांवरच्या प्रेक्षकांनी एका अर्थी दोन निरनिराळ्या मालिका पाहिल्या. या संचाने त्या दोन्ही एकाच डिस्कवर आणून ठेवल्या आहेत.

आता प्रत्यक्ष अनुभवाविषयी. पहिल्या पर्वातील काही भाग मी लागोपाठ दोनदा पाहिले, आधी हशासह आणि मग हशाविना. हॉकआय आणि ट्रॅपर जॉन या दोन डॉक्टरांच्या तंबूत घरगुती दारूची भट्टी लावलेली आहे. दोघे रात्रभराच्या शस्त्रक्रिया उरकून आलेले आहेत आणि तिसऱ्या खाटेवरच्या फ्रँक बर्न्स या सहकारी डॉक्टरची खिल्ली उडवत आहेत. हशा चालू असताना हे दृश्य नाटकाच्या प्रवेशासारखे चालते. हॉकआयचा टोला, हशा, फ्रँकचा चडफडाट, पुन्हा हशा. आपण त्या अदृश्य गर्दीत जाऊन बसतो आणि फ्रँक हा हसण्याचाच विषय आहे हे गर्दीबरोबर मान्य करून टाकतो. तेच दृश्य हशा बंद करून पाहताना मला धक्का बसला. वाक्ये तीच, पण दोन थकलेली माणसे झोप येऊ नये म्हणून बोलत राहिली आहेत असे वाटू लागले. भट्टीतून थेंब पडताना दिसतो. बोलता बोलता हॉकआय झालेल्या अ‍ॅलन अल्डा यांचे डोळे खाली जातात, ते आधी हशाच्या भरात माझ्या लक्षात आले नव्हते. आणि फ्रँक हा मूर्ख, दांभिक माणूस तर राहतोच, पण त्या तंबूत त्याच्याशी धड बोलणारे कोणी नाही हेही जाणवते.

हशा बंद केल्याने सगळेच सुधारते, असे मात्र मुळीच नाही. सुरुवातीच्या पर्वांत परिचारिकांच्या मागे लागण्याचे, त्यांच्या अंगावर टिप्पणी करण्याचे विनोद पुष्कळ आहेत. मुद्रित हशा त्यांना पांघरूण घालतो, कारण सगळेच हसत असतील तर चालतच असेल असे वाटते. हशा काढला की तीच वाक्ये उघडी पडतात आणि काही ठिकाणी ऐकवत नाहीत. मार्गारेट हूलिहान या मुख्य परिचारिकेला सुरुवातीला तिच्या टोपणनावापलीकडे फारसे व्यक्तिमत्त्वच दिलेले नाही. पुढे लोरेटा स्विट यांच्या अभिनयातून आणि लेखकांच्या बदललेल्या दृष्टीतून ती एक कर्तबगार, एकटी, स्वाभिमानी अधिकारी म्हणून उभी राहते आणि ते टोपणनाव मागे पडत जाते. हा बदल अकरा पर्वे सलग पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि हशाविना पाहिल्याशिवाय आधी काय चुकत होते हे नेमके कळत नाही. क्लिंगरचेही तसेच. लष्करातून सुटका मिळावी म्हणून बायकी कपडे घालून फिरणाऱ्या या शिपायाच्या प्रत्येक प्रवेशाला सुरुवातीला हशाची सलामी मिळते. हशा नसताना उरतो तो घरी जाण्यासाठी जिवाचे रान करणारा एक तरुण, आणि जेमी फार यांनी ही भूमिका पहिल्यापासून तशीच केली आहे हे तेव्हाच दिसते.

मालिकेचा पुढचा प्रवास म्हणजे हा हशा हळूहळू विरत जाण्याचा प्रवास आहे. तिसऱ्या पर्वातील 'ओ. आर.' हा भाग शस्त्रक्रियागृहातच घडतो, म्हणून तो प्रसारित झाला तेव्हाच हशाविना होता. चौथ्या पर्वाचा शेवटचा भाग 'द इंटरव्ह्यू' फेब्रुवारी १९७६ मध्ये आला. एक युद्धवार्ताहर कॅमेरा घेऊन तळावर येतो आणि एकेकाला समोर बसवून प्रश्न विचारतो, एवढेच त्यात घडते. चित्र कृष्णधवल आहे, हशा नाही, आणि नटांनी काही उत्तरे पात्राच्या अंगात शिरून उत्स्फूर्तपणे दिलेली आहेत. तळावरचे धर्मगुरू फादर मल्काही सांगतात की कडाक्याच्या थंडीत जखमीच्या उघड्या शरीरातून वाफ येते आणि डॉक्टर त्या वाफेवर हात शेकतात. ही भूमिका करणारे विल्यम ख्रिस्तोफर हे इतक्या साधेपणाने सांगतात की आपण एक विनोदी मालिका पाहत होतो, हे त्या क्षणी आठवतही नाही. हा एक भाग पाहण्यासाठी जरी कोणी हा संच मिळवला तरी तो खर्च वाया गेला असे मी म्हणणार नाही.

सातव्या पर्वातील 'पॉइंट ऑफ व्ह्यू' हा भाग घशाला जखम झालेल्या, बोलू न शकणाऱ्या एका सैनिकाच्या डोळ्यांतून दाखवला आहे. कॅमेरा म्हणजेच तो सैनिक. ओळखीची सारी पात्रे वाकून थेट आपल्याकडे पाहतात, धीर देतात, विनोद करतात, आणि हसायला आपल्याला आवाजच नसतो. अकराव्या पर्वापर्यंत येता येता हशा जवळजवळ नाहीसाच झालेला आहे. २८ फेब्रुवारी १९८३ रोजी दाखवलेला अडीच तासांचा अखेरचा भाग अमेरिकेत १० कोटींहून अधिक लोकांनी पाहिला आणि त्यातही हशा नव्हता. ज्या वाहिनीला सुरुवातीला हशाशिवाय विनोद कल्पिता येत नव्हता, तिच्याच पडद्यावर अकरा वर्षांत हे घडले. चित्रीकरण संपत आले असताना डोंगरात लागलेल्या खऱ्या वणव्यात बाहेरचा सेट जळाला आणि लेखकांनी तो वणवाच कथेत घेतला. ती राख पडद्यावर दिसते ती खरी आहे.

एक आक्षेप मात्र स्पष्टपणे नोंदवला पाहिजे. गेलबार्ट चौथ्या पर्वानंतर गेले, रेनॉल्ड्स पाचव्यानंतर. त्यांच्यामागे मालिकेत गांभीर्य वाढले, पण विनोदाची धार कमी झाली. आठव्या पर्वाच्या पुढे कित्येक भागांत एखादे पात्र शेवटी उभे राहून युद्धाविषयी जे बोलते, ते आधीच्या वीस मिनिटांत दाखवून झालेले असते. जी मालिका दोन विनोदांच्या मधल्या शांततेतून युद्धाची क्रूरता सांगत होती, ती पुढे भाषणांतून सांगू लागली. त्यात कोरियन युद्ध तीन वर्षांचे आणि मालिका अकरा वर्षांची, त्यामुळे काळाचे गणित जुळत नाही आणि काही पेच पुन्हापुन्हा येतात. सलग पाहणाऱ्याला नववे आणि दहावे पर्व जड जाते. तिथे मी रोज एकापेक्षा अधिक भाग पाहिला नाही, आणि तसेच करणे बरे.

हशाचे पुढे काय झाले हे ठाऊक असेल तर हा संच अधिक अर्थपूर्ण होतो. 'मॅश' चालू होती त्याच वाहिनीवर नॉर्मन लिअर यांची 'ऑल इन द फॅमिली' १९७१ पासून प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर ध्वनिचित्रमुद्रित होत होती आणि वंशद्वेषापासून युद्धापर्यंत सारे विषय त्या दिवाणखान्यात आणत होती. खऱ्या हशाचा रस्ता तिने पुन्हा भक्कम केला आणि पुढे 'चिअर्स', 'साइनफेल्ड', 'फ्रेंड्स' याच रस्त्याने गेल्या. दुसरा रस्ता 'मॅश'च्या शांततेतून निघाला. १९९२ मध्ये सुरू झालेल्या 'द लॅरी सँडर्स शो'मध्ये एका गप्पांच्या कार्यक्रमाच्या पडद्यामागची दृश्ये हशाविना दाखवलेली आहेत. २००१ मध्ये बीबीसीवर आलेल्या रिकी जर्व्हेस व स्टीफन मर्चंट यांच्या 'द ऑफिस'मध्ये कर्मचारी कॅमेऱ्यासमोर बसून मुलाखती देतात आणि फसलेल्या विनोदानंतरची अवघड शांतता हाच तिथला विनोद असतो. 'द इंटरव्ह्यू' पाहून लगेच 'द ऑफिस'चा कोणताही भाग लावला तर २५ वर्षांचे अंतर पार करून दोघांचे नाते दिसते. ती मांडणी थेट इथूनच घेतली असा माझा दावा नाही. पण कॅमेऱ्याशी बोलणारे पात्र आणि हसायला कोणी नसलेली खोली या दोन गोष्टी मुख्य प्रवाहातल्या सिटकॉममध्ये एकत्र येऊ शकतात, हे 'मॅश'ने आधीच करून दाखवले होते. २००५ मध्ये सुरू झालेल्या 'हाउ आय मेट युवर मदर'ने मधलाच मार्ग काढला. भाग प्रेक्षकांविना चित्रित करायचा, जोडून झाल्यावर प्रेक्षकांना दाखवायचा आणि त्यांचा हशा मुद्रित करून त्यावर चढवायचा. वाद अजून मिटलेला नाही, हेच यातून दिसते.

संचाच्या तांत्रिक बाजूविषयी थोडक्यात. चित्र मूळ चौकोनी प्रमाणात आहे, ते ताणून रुंद केलेले नाही, आणि हे योग्यच झाले. सुरुवातीच्या पर्वांत फिल्मचा रवा दिसतो आणि रंग थोडे दबलेले वाटतात. पुनःप्रसारणात जाहिरातींना जागा करण्यासाठी या भागांना कात्री लागत असे, इथे ते पूर्ण लांबीचे आहेत. काही वेळा कापलेल्या मिनिटभरातच पात्रांमधले मऊ क्षण असत, हे आता ध्यानात येते. हशाविना ध्वनी ऐकताना पहिल्या दोन पर्वांत अधूनमधून एखादा रिकामा अर्धा क्षण जाणवतो, कारण संकलन करताना तिथे हशासाठी जागा सोडलेली असावी. पुढे असे थांबे जाणवेनासे होतात. ऑल्टमन यांचा चित्रपट सोबत दिला आहे हे उत्तम, मात्र तो मालिकेनंतर पाहावा. त्याची जातकुळी अधिक बेफिकीर, अधिक बोचरी आहे आणि तो आधी पाहिला तर मालिकेची पहिली पर्वे उगाच सौम्य वाटतात. विकत घेण्यापूर्वी डिस्कचा रीजन कोड, म्हणजे ती कोणत्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालेल हे ठरवणारा क्रमांक, आपल्या प्लेअरला चालतो ना, हे मात्र जरूर तपासावे. जुना संच घेणाऱ्याने प्रत्येक डिस्क लावून पाहावी, कारण ३६ पैकी एक जरी खराब निघाली तरी ती एकटी मिळवणे कठीण आहे.

राहता राहिला प्रश्न, कोणता पर्याय निवडून पाहावे. हशाविनाच पाहावे असे अनेक चाहते सांगतात, आणि माझेही सुरुवातीला तसेच मत होते. पूर्ण संच पाहिल्यावर ते बदलले. पहिली तीन पर्वे प्रथम हशासह पाहावीत असे आता मला वाटते, आणि त्याचे कारण तिसऱ्या पर्वाचा अखेरचा भाग, 'अ‍ॅबिसिनिया, हेन्री'. हा भाग १८ मार्च १९७५ रोजी दाखवला गेला. तळाचे प्रमुख हेन्री ब्लेक यांची सुटका झाली आहे, ते घरी निघाले आहेत. निरोपाची मेजवानी होते, थट्टामस्करी होते, हेलिकॉप्टरपाशी मिठ्या मारल्या जातात आणि हशा नेहमीसारखा चालू असतो. कान निर्धास्त होतात. मग दृश्य शस्त्रक्रियागृहात येते. ठरलेल्या नियमाप्रमाणे हशा थांबतो, आणि तिथे तो नेहमीच थांबतो म्हणून आपल्याला त्यात काही वेगळे वाटत नाही. तळावरचा कारकून रडार तोंडाला मास्क न लावता आत येतो, त्यावरून कोणीतरी त्याला टोकते, आणि तो हातातला निरोप वाचून दाखवतो: हेन्री ब्लेक यांचे विमान जपानच्या समुद्रावर पाडले गेले, कोणीही वाचले नाही. पटकथेचे हे शेवटचे पान बहुतेक नटांना चित्रीकरणाच्या अगदी आधीपर्यंत दिलेले नव्हते. रडार झालेल्या गॅरी बर्गहॉफ यांचा आवाज वाचताना कापत नाही, तो फक्त सपाट होतो. कॅमेरा एकेका टेबलावरून सरकतो, मास्कच्या वर फक्त डोळे दिसतात, हात थांबलेले नसतात, कारण समोरचा जखमी अजून टेबलावर आहे. मागे कुठेतरी एक उपकरण जमिनीवर पडल्याचा आवाज येतो. तो आवाज त्या दिवशी चुकून झाला होता आणि त्यांनी तो तसाच ठेवला.